जावातल्या खेड्यात राहणं आणि पैसा लावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची वाई तालुक्यातली. लग्नानंतर २०१३ पासून इंडोनेशियात, मध्य जावातल्या मागेलांग जिल्ह्यात, मेरापी ज्वालामुखीच्या पश्चिम उतारावरच्या एका छोट्या गावात राहते. सासरचं घर, थोडी भातखाचरं, मागे नारळ आणि सलाक या खवल्यांच्या सालीच्या फळाची बाग. बोरोबुदुर पाहायला आलेली मराठी मंडळी आमच्याकडे चहाला थांबतात, हिरवीगार खाचरं बघतात आणि घरी गेल्यावर फोन करतात: तिकडे जमीन मिळेल का? गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

जावा म्हणजे बालीसारखंच ना?

नाही. बालीत पर्यटनावर चालणारी गावं बरीच आहेत. जावातलं खेडं शेतीवर, मजुरीवर आणि शहरात गेलेल्या मुलांच्या पैशांवर चालतं. जावा बेट महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे, आणि २०२० च्या जनगणनेत त्यावर १५ कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. इथली जमीन किती बारीक वाटली गेली असेल याचा अंदाज त्यावरून येईल. अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला इथे ‘पेतानी गुरेम’ म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक कीड. आमच्या गावात बहुतेक सगळे गुरेमच आहेत, आम्हीसुद्धा. तुमचा पैसा या लोकांच्या शेजारी येऊन बसणार आहे, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

परदेशी माणसाला जमीन विकत घेता येते का?

पूर्ण मालकीने नाही. १९६० च्या पाचव्या क्रमांकाच्या जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे कायमची पूर्ण मालकी, इंडोनेशियन नागरिकालाच मिळते.

पण कितीतरी परदेशी लोक स्थानिकाच्या नावावर जमीन घेतात, ते कसं?

घेतात, आणि बरेच जण बुडतात. पद्धत ठरलेली आहे. पैसे तुमचे, नाव ओळखीच्या माणसाचं आणि बाजूला एक खासगी करार. याच कायद्याचं २६ वं कलम सांगतं की परदेशी माणसाकडे मालकी पोहोचवण्यासाठी केलेला असा व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा होऊ शकते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे भांडण झालंच तर हातातला करार तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो.

आमच्या ओळखीच्या एका युरोपीय गृहस्थांनी विश्वासातल्या माणसाच्या नावावर नदीकाठचा तुकडा घेतला होता. माणूस खरोखर चांगला होता, पण तो वारला. त्याची तीन मुलं आली, कागद वडिलांच्या नावावरचा होता, आणि त्यांनी कायद्यानं त्यांचं होतं तेच मागितलं. फसवणूक कुणीच केली नव्हती, तरी त्या गृहस्थांचं घर गेलं. कुणी हा मार्ग सुचवला तर मी एवढंच सांगते: करू नका. चांगल्या माणसाबरोबरही करू नका, कारण त्याच्या मुलांनाही तुम्ही अडचणीत टाकता.

लग्न इथल्या नागरिकाशी झालं असेल तर?

त्यातही एक खाच आहे. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची धरली जाते. त्यामुळे नवऱ्याच्या नावावरच्या हाक मिलिकमध्ये परदेशी बायकोचा वाटा आला, की एका वर्षात हक्क सोडायची वेळ येते. यावर उपाय मालमत्ता वेगळी ठेवण्याच्या कराराचा. पूर्वी तो लग्नाआधीच करावा लागे, आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. २०१६ मध्ये इथल्या घटना न्यायालयाने लग्नानंतरही असा करार करता येईल असा निकाल दिला, तेव्हा आम्ही नोटारिसकडे जाऊन तो केला. सही करताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! घरातल्या जमिनीवर आपला हक्क नाही असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं होतं. पण त्या कागदामुळेच आज खाचरं घरात आहेत.

मग कायदेशीर मार्ग कोणते?

इथे राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, घेऊन घर ठेवता येतं. मुदत ३० वर्षं, मग २० ची वाढ आणि पुढे ३० चं नूतनीकरण. जागा साधारण २,००० चौरस मीटरपर्यंत. पण अशा घराची प्रांतानुसार किमान किंमत ठरलेली असते आणि ती अब्ज रुपियांच्या, म्हणजे इथल्या चलनाच्या, भाषेत असते, त्यामुळे साधं खेड्यातलं घर त्यात बसतच नाही. दुसरा मार्ग परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीचा, ‘पेते पेएमआ’चा. तिला बांधकामाचा हक्क मिळतो, पण जमीन-इमारत सोडून १० अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणुकीची योजना दाखवावी लागते. खेड्यातल्या छोट्या धंद्याला हे झेपणारं नाही, आणि ही अट मला योग्यही वाटते. किराणा आणि खाणावळ गावच्याच लोकांकडे राहावी.

तिसरा मार्ग भाडेकरार. घर किंवा घराची जागा ठरावीक वर्षांसाठी नोटारिससमोर करार करून भाड्याने घ्यायची. साध्या माणसाला मी हाच सुचवते.

कागद कोणते पाहायचे? सातबारा असतो का?

सातबारा नाही, पण त्याच्या जवळपास जाणारी एक वही गावाच्या कार्यालयात असते. तिला ‘लेतर चे’ म्हणतात. आमच्या देसाच्या, म्हणजे गावाच्या, कपाटातली वही मी पाहिली आहे: कडा झिजलेल्या, पानं तंबाखूच्या रंगाची झालेली, आणि एका नावावर काट मारून खाली मुलाचं, त्याच्या खाली नातवाचं नाव. पण ही वही किंवा तिच्यावरून मिळणारा ‘गिरिक’ हा मालकीचा दाखला नव्हे, मुळात ती कराची नोंद. खरा कागद ‘सेर्तिफिकात’, तो राष्ट्रीय जमीन कार्यालय देतं. २०१७ पासून सरकारने गावंच्या गावं मोजून सेर्तिफिकात द्यायची मोहीम चालवली. २०२१ च्या नियमाने जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली होती, ती फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. आता गिरिक फक्त माग काढायला उपयोगी पडतो. नुसत्या गिरिकवर कुणी जमीन दाखवत असेल तर चहा प्या आणि निघा.

वारसांचा प्रश्न आपल्याकडच्यासारखाच. सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, आणि त्यातला एक जकार्तात, एक सुमात्रात, एक बहीण मलेशियात कामाला असते. आपल्याकडे बहिणींच्या हक्कसोडीवरून होतं ते सगळं इथेही होतं.

दोन प्रकारच्या जमिनींपासून लांब राहा. एक ‘बेंगकोक’, म्हणजे गावच्या कारभाऱ्यांना पगारापोटी कसायला दिलेली, साधारण आपल्या जुन्या वतनासारखी. दुसरी ‘तानाह कास देसा’, गावाच्या खजिन्याची. या विकल्या जात नाहीत, कारभारी कितीही प्रेमाने म्हणाला तरी.

योग्याकार्ताच्या विशेष प्रदेशात गोष्ट आणखी वेगळी. तिथे सुलतानाच्या आणि पाकुआलामान घराण्याच्या जमिनी आहेत, आणि २०१२ च्या १३ व्या क्रमांकाच्या कायद्याने त्यांना मान्यता आहे. मागेलांगचा अनुभव तिथे चालेल असं धरू नका.

जमीन मोजतात कशात?

कागदावर चौरस मीटर, बोलण्यात ‘रू’ किंवा ‘उबिन’. आमच्याकडे एक रू म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर, म्हणजे सात रूंचा ढोबळ एक गुंठा.

भातखाचरात घर बांधता येईल का?

सहसा नाही, आणि प्रयत्नही करू नका. २००९ चा ४१ व्या क्रमांकाचा कायदा कायमस्वरूपी अन्नधान्याच्या जमिनीला संरक्षण देतो. आपल्याकडे जसं एनए, तसं इथे खाचर घरजागेत बदलण्याला लोक ‘पेंगेरिंगान’ म्हणतात, म्हणजे वाळवणं. शब्द अगदी बरोबर आहे. एका खाचराचं पाणी तोडलं की खालच्या चार खाचरांचं पाणी अडतं, कारण उतारावर पाणी एकाच्या बांधावरून दुसऱ्याकडे जातं. बाहेरच्या माणसाने खाचर बुजवून बांधलेल्या घराकडे गाव कसं बघतं, ते मी पाहिलं आहे. कुणी भांडत नाही. त्या घरी कुणी जात नाही, एवढंच.

शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात, म्हणजे केचामातानमध्ये, राहावं असाही साठच्या दशकापासूनचा नियम आहे. जकार्तावाल्यालाही तो लागू आहे.

व्यवहाराचा खर्च?

घेणाऱ्याला सूट वजा जाता किमतीवर ५ टक्क्यांपर्यंत कर, विकणाऱ्याला २.५ टक्के, आणि दस्त करणाऱ्या ‘पेपाआते’ अधिकाऱ्याची फी १ टक्क्यापर्यंत. वर्षाचा ‘बुमी दान बांगुनान’, म्हणजे भूमी आणि इमारतीचा कर, खेड्यात अगदी थोडा असतो. त्याची पावती मात्र जपून ठेवा.

जमीन नाही, तर मग पैसा लावायचा कशात?

खेड्यातला पैसा माणसांबरोबर भागीदारीत फिरतो, आणि त्याचे प्रकार मराठी शेतकऱ्याला ओळखीचेच आहेत.

सगळ्यात आधी शेळी. जनावर तुमचं, सांभाळ दुसऱ्याचा, पिलं वाटून घ्यायची. आपल्याकडची अर्धल, इथली ‘गादुह’. आमच्याकडच्या उंच, लांब लोंबत्या कानांच्या शेळीला ‘एतावा’ म्हणतात. हे नाव आपल्या उत्तर प्रदेशातल्या इटाव्याचं, मूळ जात जमनापारी. शेजारच्या पुर्वोरेजो जिल्ह्यातलं कालिगेसिंग त्या संकरासाठी प्रसिद्ध आहे. ‘पेओ’ जातीचे पांढरे बैलही आंध्रातल्या ओंगोलचे वंशज. पहिल्यांदा बाजारात ती शिंगं आणि ते वशिंड पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं.

आम्ही पहिल्या वर्षी चार शेळ्या शेजारच्या काकांकडे दिल्या. ते रोज पहाटे डोंगरावरून पाल्याचा भारा आणतात, इतका मोठा की मागून फक्त पाय दिसतात. तीन वर्षांनी वाटणी होऊन, दोन मेलेल्या वजा जाऊन, आमच्या वाट्याला नऊ राहिल्या. मेलेल्यांची भरपाई आम्ही मागितली नाही. मागायची नसते.

भातशेतीत मालक-कूळ वाटणीला ‘मारो’ म्हणतात, म्हणजे निम्मं-निम्मं, आणि तिसऱ्या हिश्श्याला ‘मेर्तेलू’. बी-खत कुणाचं हे आधी बोलून घ्यावं लागतं. उभं पीक व्यापाऱ्याला सरसकट विकलं तर ती ‘तेबासान’.

झाडांमध्ये ‘सेंगोन’. हलकं, झपाट्याने वाढणारं लाकूड, पाच ते सात वर्षांत तोडीला येतं. पोरं मोठ्या शाळेत जायच्या वर्षाचा हिशेब करून लोक बांधावर सेंगोन लावतात. परदेशातल्या माणसाला हे जमू शकतं: रोपांचा खर्च तुमचा, बांध त्यांचा, तोडीचे पैसे वाटून. हे मला सगळ्यात स्वच्छ वाटतं, कारण यात कुणाची जमीन जात नाही.

दोन गोष्टींत पडू नका. एक ‘इजोन’, हिरव्या पिकावर आधीच स्वस्तात पैसे देणं. ती सावकारीच. दुसरी ‘गादाई’, पैसे देऊन खाचर गहाण ठेवून घेणं. कायदा म्हणतो की सात वर्षं कसलं की जमीन पैसे न मागता परत द्यायची, पण खेड्यात हे फार थोड्यांना माहीत असतं. दुसऱ्याला कायदा माहीत नाही यावर चालणारी मिळकत नको.

पर्यटनात पैसा लावायचा असेल तर गावाच्या स्वतःच्या संस्थेबरोबर लावा. क्लातेन जिल्ह्यातल्या पोंगगोक गावाने झऱ्याचं कुंड गावाच्या उद्योगसंस्थेमार्फत चालवून नाव कमावलं. गुनुंगकिदुलमधल्या एन्ग्लांगेरानला २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांत निवडलं. दोन्हीकडे पुढाकार गावाचा होता.

परतावा किती मिळतो?

बँकेच्या ठेवीशी तुलना करणार असाल तर ठेवच ठेवा. हे मनापासून सांगते. ज्याला इथे राहायचं आहे, त्याच्यासाठी हे पैसे गावात मूळ धरायला मदत करतात.

व्हिसा?

भारतीय पासपोर्टवर विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया फी, आणि एकदा ३० दिवसांनी वाढवता येतो. घाबरू नका, एका भारतीय रुपयाला ढोबळ पावणेदोनशे ते दोनशे रुपिया पडतात. मुदतीबाहेर राहिलात तर दिवसाला १० लाख रुपिया दंड. लांब राहायला ‘कितास’ हा मर्यादित आणि नंतर ‘किताप’ हा कायम निवासाचा परवाना. इंडोनेशियन नागरिकाशी लग्न झालेल्या परवानाधारकाला पोटापाण्यासाठी काम करायची मुभा २०११ च्या इमिग्रेशन कायद्यात आहे. पर्यटक व्हिसावर शेतात ‘थोडी मदत’ करतानाचे फोटो टाकू नका.

भारतातून पैसे कसे आणायचे?

भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. बाहेरची मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. आणि एक गोष्ट फार जणांना धक्का देते: शेतीच्या उत्पन्नाला करमाफी आहे ती भारतातल्या जमिनीपुरती. जावातल्या भाताला ती नाही. सीए गाठा.

गाव आपलं कधी मानतं?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, पण तो सगळ्यात कमी विचारला जातो.

आमच्या दाराशेजारी खिळ्याला एक कापलेली प्लास्टिकची बाटली टांगलेली आहे. रोज संध्याकाळी मी त्यात मूठभर तांदूळ किंवा एक नाणं टाकते. रात्री गस्तीची पाळी असलेले पुरुष घरोघर फिरून ते गोळा करतात. याला ‘जिम्पितान’ म्हणतात. त्या पैशांतून रस्त्यावरचा दिवा बदलतो, कुणाच्या मयताला मदत होते. पहिल्या वर्षी मी एकदम महिन्याचे पैसे दिले, सोपं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, ‘तसं नको. बाटली रिकामी दिसली की त्यांना वाटतं घरात कुणी आजारी आहे.’ पैशांइतकीच ती चौकशी महत्त्वाची, हे मला तेव्हा कळलं.

लग्नघरी बायका ‘रेवांग’ला जातात, म्हणजे दोन-तीन दिवस स्वयंपाकाला हात लावायला. आपल्याकडच्या मांडवासारखंच. मी तीन वर्षं फक्त लसूण सोलला. चौथ्या वर्षी नारळ खवायला दिला. आहेराच्या पाकिटाची नोंद वहीत होते आणि आपल्या कार्याला तेवढंच परत येतं. जावानीज पंचांगातल्या बेसार महिन्यात लग्नं एवढी असतात, की घरचा हिशेब आधीच करून ठेवावा लागतो. रविवारी ‘केर्जा बाक्ती’, गटार साफ करणं, रस्ता दुरुस्त करणं. मयतानंतर तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी प्रार्थना. बोलावणं आलं की धर्म कुठलाही असो, जाऊन बसायचं. डब्यात भात आणि भाज्या बांधून मिळतात, ते घरी आणून खायचं.

भाषा अवघड आहे का?

बाजारात इंडोनेशियन पुरते. त्यात आपले शब्द जागोजागी भेटतात: किंमत म्हणजे ‘हार्गा’, आपलं अर्घ. नफा ‘लाबा’, खर्च ‘बियाया’ म्हणजे व्यय, दंड ‘देन्दा’, साक्षीदार ‘साक्सी’. दस्त वाचताना मला हे फार उपयोगी पडलं. फक्त ‘जुता’पासून सावध. शब्द आपल्या अयुतावरून आला म्हणतात, पण अयुत दहा हजार आणि जुता दहा लाख.

घरातली भाषा मात्र जावानीज, आणि तिच्यात पायऱ्या आहेत. बरोबरीच्यांशी ‘न्गोको’, मोठ्यांशी ‘क्रोमो’. चुकीच्या पायरीवरून बोललं की लोक हसून गप्प बसतात. तीन शब्दांनी सुरुवात करा: मोंगो (या, घ्या), नुवुन सेवू (माफ करा), मातुर नुवुन (आभारी आहे).

शाकाहारी माणूस जगेल का?

जगेल, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफूवर आनंदाने. चटणीत मात्र ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची वाटलेली पेस्ट असते, आधी विचारा. खोबरं, चिंच, हळद, गूळ सगळं आहे. आमटीला ओल्या तुरीची आठवण येते, तेवढीच.

ज्वालामुखीची भीती नाही वाटत?

वाटते. २०१० च्या उद्रेकात मेरापीने साडेतीनशेहून जास्त माणसं घेतली. सासूबाई सांगतात की राखेच्या ओझ्याने सलाकची बाग रात्रीत आडवी झाली, आणि नंतरच्या पावसात ‘थंड लाव्हा’, म्हणजे राख-दगडांचा चिखल, नदीतून येऊन मागेलांग-योग्याकार्ता रस्त्यावर आला. जागा बघताना धोक्याच्या पट्ट्यांचा नकाशा आधी बघा. नदीच्या काठची स्वस्त जागा स्वस्त का आहे, ते शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा.

भूकंप वेगळा. २७ मे २००६ च्या पहाटे बांतुल आणि आसपासच्या भागात पाच हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीच विटांच्या कच्च्या भिंतींखाली. घर भाड्याने घेताना भिंतीत सळईचे खांब आहेत का, एवढं तरी बघाच.

दवाखाना, शाळा, इंटरनेट?

‘पुस्केस्मास’ हे सरकारी आरोग्य केंद्र, गावात ‘बिदान’ म्हणजे सुईणबाई. माझी मुलगी बिदानच्याच हातावर जन्मली. मोठ्या आजाराला योग्याकार्ता किंवा मागेलांग शहर. शाळा गावात आहे. इंटरनेट पाऊस नसेल तेव्हा चांगलं.

पोहोचल्यावर पहिलं काम काय?

गावाच्या वेशीवर पाटी दिसेल: ‘तामू वाजिब लापोर, १ गुणिले २४ जाम’. पाहुण्याने चोवीस तासांत नोंद करावी. वस्तीचे प्रमुख ‘पाक एर्ते’ यांच्याकडे जायचं. मगरिबच्या नमाजानंतरची वेळ बरी. अंगभर कपडे, पासपोर्टची झेरॉक्स, आणि हातात चहा-साखरेचा पुडा. चपला पायरीखाली काढा. गोड चहा समोर येईल, पण यजमान ‘मोंगो’ म्हणेपर्यंत पेल्याला हात लावू नका. किती दिवस, कुणाकडे, कशासाठी, एवढंच विचारतील. जमिनीचा विषय त्या दिवशी काढू नका, पुढचे कित्येक महिनेही नको. निघताना ‘पामित’ म्हणा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला आधी नमस्कार करा.